दोन बकरे आणि एका म्हशीची शोकसभा

“काका, पट्टा चामड्याचा आहे का?” ऋत्विजने अत्यंत नम्रपणे विचारलं.

“असेल बहुतेक,” मी म्हणालो.

“मग इथं काढून ठेवावा लागेल. जाताना परत मिळेल.”

मी पट्टा दिला. मग पाकीट दिलं. मग घड्याळ दिलं, कारण त्याचाही पट्टा चामड्याचा निघाला. माझ्या मागे शशिकांत मगदूम उभा होता. त्याने पायातल्या करकरणाऱ्या चपला उचलून, लेक सासरी पाठवावी तशा त्या काउंटरवर ठेवल्या आणि ऋत्विजने दिलेल्या हिरव्या रबरी सपाता पायात सरकवल्या. तिसरा आदिनाथ उपाध्ये. तो वकील आणि त्यातून जैन, त्यामुळे आपल्या अंगावर काहीच सापडणार नाही अशा खात्रीने तो ताठ उभा होता. ऋत्विजने त्याच्या गळ्यातल्या रेशमी मफलरकडे पाहिलं.

“रेशीम,” ऋत्विज हळहळून म्हणाला. “किडे असतात हो त्यात. उकळतात त्यांना.”

पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पिणाऱ्या घराण्यातल्या माणसाला हे ऐकावं लागलं. आदिनाथने मफलर काढला आणि ऋत्विजकडे न बघता काउंटरवर ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचा चौथा मित्र दिवाकर शिरहट्टी. त्याची मुलगी केतकी आणि पुण्याचा जावई ऋत्विज यांनी सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला ‘निर्दोष’ नावाचं व्हीगन हॉटेल काढलं होतं. म्हणजे मटण-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. ज्या गावात म्हैस विकत घेतल्यावर पेढे वाटतात, त्या गावात हे हॉटेल. दर शनिवारी संध्याकाळी तिथं गाणं होणार होतं, आणि पहिल्या शनिवारी स्वतः केतकी गाणार होती.

आता केतकी गाणार म्हटल्यावर तबल्यावर दिवाकर हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिला फ्रॉकच्या वयापासून त्यानेच शिकवलं होतं. पाटबंधारे खात्यातली नोकरी हा त्याने तबल्यासाठी केलेला जोडधंदा होता. पण ‘निर्दोष’ची जाहिरात आली, त्यात लिहिलं होतं: ‘गायन: केतकी. कहॉन: ऋत्विज.’ कहॉन हे लाकडी खोकं असतं. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि दोन पायांच्या मधून ते बडवतो.

“जावई खोक्यावर बसून खोकं बडवणार,” दिवाकर आम्हाला म्हणाला होता, “आणि मी समोर बसून काजूचं चीज खाणार. का, तर म्हणे तबल्याला चामडं असतं. बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणाली. शनिवारी तुम्ही तिघं यायचं. आज ना उद्या ती दुसऱ्या कोणाच्या साथीनं गाणार हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या हॉटेलातला पहिला कार्यक्रम आणि साथीला खोकं? त्या दिवशी वाजवायला मिळालं नाही, तर परत तबल्याला हात लावणार नाही. सांगून ठेवतो.”

हे वाक्य तो अनेक प्रसंगी बोलला होता. पण या वेळी तो हळू आवाजात बोलला, म्हणून आम्ही गेलो.

तर आम्ही तिघं टेबलाशी बसलो, मी विजार सावरत, तोवर दारात दिवाकर उगवला. दोन्ही काखांत फुलाफुलांच्या खोळीतला तबला नि डग्गा. जुळं घेऊन दवाखान्यात आल्यासारखा दिसत होता.

“बाबा,” ऋत्विज म्हणाला, “आपलं बोलणं झालं होतं ना?”

“तुझं झालं होतं. माझं राहिलंय.”

“यात चामडं आहे.”

“मग काय रबर लावू? बघितलं तेही करून. तबल्यावर चढवायला चामड्याऐवजी प्लास्टिकची पुडी मागवली होती मुद्दाम. न्हाणीघरात टब वाजवल्यासारखा आवाज येतो. तुला खोटं वाटत असेल तर तुझ्या खोक्याला विचार.”

समोरच्या छोट्या चौथऱ्यावर केतकी तानपुऱ्याची इलेक्ट्रिक पेटी जुळवत होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, खोळींकडे पाहिलं, “बाबा, प्लीज,” एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दिवाकर आमच्या टेबलाशी येऊन बसला. डग्गा एका मांडीवर, तबला दुसरीवर.

हॉटेल भरलेलं होतं. बहुतेक तरुण मंडळी, सगळ्यांच्या अंगात चुरगळलेले सुती कपडे. आम्ही मागवलं. मगदूमचा कोंबडीखाद्याचा घाऊक धंदा आणि तासगाव रस्त्याला स्वतःच्या दोन पोल्ट्री. तो मेनूकार्डाकडे परक्या देशाचा नकाशा पाहावा तसा पाहत होता.

“तांबडा रस्सा दिसतोय की हितं.”

“फणसाचा आहे,” वाढणारी मुलगी म्हणाली.

“आणि ही नळी?”

“सोयाची आहे. आत उसाची कांडी घातलेली असते, हाडासारखी.”

मगदूमने चार मागवल्या. आल्यावर त्याने पहिली कांडी तोंडात धरून डोळे मिटले आणि सवयीने जोरात ओढली. उसाचा रस आला. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले त्यांना मराठीत शब्द नाही. मी मराठीचा प्राध्यापक होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

“वंगाळ न्हाई,” तो दुसरी कांडी उचलत म्हणाला, “पण मन गोंधळतंय.”

उपाशी राहिला तो आदिनाथच. तो कंदमुळं खात नाही, आणि ‘निर्दोष’मध्ये दुधाची सगळी कामं बटाटा करत होता. चीज बटाट्याचं, सूप रताळ्याचं, पकोडे सुरणाचे. “आयुष्यात पहिल्यांदा मला हॉटेलात सगळ्यांपेक्षा पापी ठरवलं,” तो म्हणाला, “आणि जेवायलाही दिलं नाही.” भूक लागली की त्याच्यातला वकील जागा होतो. त्याने ऋत्विजला हाक मारली.

“जावईबापू, बसा. मला एक सांगा, तुमचा आक्षेप चामड्याला आहे की हत्येला?”

ऋत्विज बसला. मुलगा प्रामाणिक होता, प्रश्न विचारला की खरंच विचार करायचा. “हत्येला,” तो म्हणाला.

“म्हणजे बकरा म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला असेल, तर?”

“तर... तसा आक्षेप राहणार नाही.”

“दिवाकर,” आदिनाथ म्हणाला, “बकरा कशानं गेला?”

दिवाकर गडबडला. “मला काय माहीत? मी मिरजेला पुडी बसवून घेतली. बकऱ्याला भेटलो नाही.”

“नैसर्गिकरीत्या गेलाच नाही असं तू शपथेवर सांगू शकतोस?”

“नाही.”

“संशयाचा फायदा,” आदिनाथ ऋत्विजकडे वळून म्हणाला, “बकऱ्याला.”

शेजारच्या टेबलावर खादीचा झगा घातलेल्या, रुपेरी केसांच्या एक बाई होत्या. त्या इतका वेळ ऐकतच होत्या. त्यांनी खुर्ची वळवली. “एकच बकरा आहे का?”

सगळ्यांनी दिवाकरकडे पाहिलं.

“डग्ग्याचा वेगळा असतो,” दिवाकर म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही. “आणि पुडी ताणून धरणारी वादी म्हशीची.”

“म्हैस पण?” ऋत्विजचा आवाज कापला.

“गेले ते गेले,” मगदूम म्हणाला. “आता वाजवलं न्हाई म्हणून परत उठणार हाईत काय?”

“तसं नाही काका,” ऋत्विज म्हणाला. “पण निदान आपण त्या जिवांची दखल तरी घ्यायला हवी. ते होते, हे तरी मान्य करायला हवं. सगळ्यांनी मिळून. मग कदाचित...”

“म्हंजे शोकसभा की!” मगदूमने टेबलावर हात आपटला. “मग एवढा वेळ का काढालाय? मास्तर हाय की आपला!”

इथं मला माझ्याविषयी दोन शब्द सांगावे लागतील. मी कॉलेजात शिकवत असे, पण गावात मला ओळखत ते शोकसभांमुळे. कोणी गेलं की आधी मला फोन यायचा, मग नातेवाइकांना. नगरसेवक, डॉक्टर, साखर कारखान्याचे संचालक, एकदा तर चुकून एक जिवंत गृहस्थ. ज्याच्याविषयी मी दोन शब्द बोललो नाही असा दिवंगत त्या काळात सांगलीत नव्हता. तरीही बकऱ्याचं आमंत्रण हे पहिलंच. मी दिवाकरकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खोळींवर होते आणि तो माझ्याकडे असा पाहत होता की मी उठलो. डाव्या हाताने विजार धरली, उजवा बोलण्यासाठी मोकळा ठेवला.

चौथऱ्यावर एका स्टुलावर तबला-डग्गा ठेवला. कोणीतरी त्यांच्यापुढे वाटीत मोगऱ्याची फुलं आणून ठेवली. उदबत्ती लावली.

“उपस्थित शोकाकुल बंधुभगिनींनो,” मी सुरुवात केली, आणि हॉटेल क्षणात गप्प झालं. “आज आपण अशा तिघांना आदरांजली वाहायला जमलो आहोत, ज्यांनी प्रसिद्धीची हाव कधीच धरली नाही. त्यांचा-माझा व्यक्तिशः परिचय नव्हता. पण त्यांचं काम मी जवळून ऐकलं आहे. मनमिळाऊ स्वभाव, साधी राहणी, पालेभाज्यांची आवड. कोणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यभर त्यांनी तोंडातून एकच शब्द काढला, पण तो शेवटपर्यंत बदलला नाही. आज किती पुढाऱ्यांविषयी आपण असं म्हणू शकतो?”

मागून कोणीतरी “वा” म्हणालं, आणि शेजारच्यानं त्याला गप्प केलं.

“म्हैसताईंविषयी काय बोलावं? त्यांनी जिवंतपणी दिलं आणि गेल्यावरही त्या घट्ट धरून राहिल्या. त्यांनी ताण सहन केला म्हणून सूर टिकला. या तिघांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली आहे ती आपल्यासमोर आहे. ती भरून काढता येणार नाही. कारण भरली तर वाजणार नाही.”

मी आटोपतं घेणार होतो. पण आपल्याकडे शोकसभा सुरू झाली की ती एका वक्त्यावर थांबत नाही. आदिनाथ उठला आणि दिवंगतांच्या निमित्ताने उपवासाच्या महत्त्वावर बोलला, ते त्याने पोटातून बोललेलं होतं. खादीच्या झग्यातल्या बाईंनी आपल्या गेलेल्या कुत्र्याची आठवण सांगितली. एक तरुण उठून म्हणाला की त्याला बकऱ्याविषयी काही माहिती नाही, पण त्याची नोकरी गेली आहे आणि त्यालाही असंच वाटतंय. त्याला टाळ्या मिळाल्या. मग मगदूम उभा राहिला. हातात उसाची कांडी.

“माझ्याकडं एक कोंबडा हुता,” तो म्हणाला आणि थांबला.

आम्हाला वाटलं आठवतोय. पण तो कांडीच्याच हाताने डोळे टिपत होता. आठवड्याला तीन टेम्पो भरून कोंबड्या पाठवणारा माणूस!

“गाडी भराय लागलो की त्यो माझ्या मागं यायचा. मोजायला आल्यागत. त्याला म्या कधी गाडीत घातला न्हाई. का घातला न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई.” तो खाली बसला आणि हिरव्या सपातांकडे बघत राहिला. ऋत्विजने त्याला मिठी मारली. दोघंही रडले.

शेवटी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सगळे उभे, माना खाली. स्वयंपाकघरात काजू वाटणारा मिक्सर तेवढा चालू राहिला, पण तो शोकाकुल वाटला. मग ऋत्विजने डोळे पुसले, स्वतःचं लाकडी खोकं उचललं आणि चौथऱ्यावरून खाली उतरवून ठेवलं.

“बाबा,” तो दिवाकरला म्हणाला, “आज तुम्हीच वाजवा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवाकर हातोडी घेऊन तबला जुळवायला धावला. शोकसभेतून इतका ठोस फायदा झाल्याचं माझ्या कारकिर्दीतलं हे एकमेव उदाहरण. मी कृतकृत्य होऊन हात धुवायला आत गेलो.

बेसिनशी केतकी उभी होती. नळ सोडलेला, हात कोरडे.

“काय केलंत हे, काका?”

“काही नाही गं. दोन शब्द बोललो. तुझा बाबा बघ कसा खूश झालाय.”

“मला त्यांच्याबरोबर गायचं नाहीये.”

मी विजार जरा वर ओढली. अशा वेळी माणसाला काहीतरी करावं लागतं. “पण आता चामड्याचा प्रश्न...”

“काका, चामड्याचं मला खरंच वाटतं. पण ते नसतं तर मी दुसरं काही शोधलं असतं.” तिनं नळ बंद केला. “बाबा लय वाढवतात. मी दोन ओळी गाते न गाते, की ते पळायला लागतात. त्यांना लोक दिसतात समोर. कॉलेजच्या गॅदरिंगला शेवटच्या कडव्यात मला शब्द उच्चारता येईनात, इतकं पळवलं त्यांनी. मी नुसती आ आ करत होते. आणि लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या लग्नातसुद्धा! माझ्या लग्नात मी गायले आणि दमले, काका. ऋत्विजला वाजवता येत नाही, मला कळत नाही का? पण तो काही करतच नाही. मी जिथं असेन तिथं तो असतो.”

“मग बाबाला सांगितलं का नाहीस?”

“बकऱ्याचं सांगितलं तर ते चिडतात, भांडतात. पण ऐकून घेतात. माझं म्हणून काही सांगितलं की म्हणतात, तुझा रियाज कमी पडतोय.”

यावर मी काहीतरी म्हणणार होतो, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

दारात दिवाकर उभा होता. हातात हातोडी. तबला कोणत्या सुरात जुळवायचा, ती गाण्याची पट्टी विचारायला तो आला होता.

बाहेर लोक गप्पा मारत होते, भांडी वाजत होती. गॅदरिंगच्या वेळी पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या, मी, मगदूम आणि आदिनाथनं, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. दिवाकरने हातोडी या हातातून त्या हातात घेतली.

“लग्नातसुद्धा?” त्याने विचारलं.

“हो बाबा.”

“मला वाटलं, त्या दिवशी रंगलं.”

“रंगलं होतं. तुमचं.”

तो जाईल असं मला वाटलं. खोळी उचलेल, बाहेर रिक्षाला हात करेल, आणि हा माणूस परत कधी तबला वाजवणार नाही. त्याने हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

“पट्टी काळी चारच ना?” तो म्हणाला.

“हो.”

“आणि लय तू सांग.”

तिनं तिथंच, बेसिनच्या कडेवर बोटाने आठ मात्रा दिल्या. संथ होत्या. दिवाकरने ऐकल्या, मान हलवली आणि बाहेर गेला.

गाणं सुरू झालं. मी टेबलावर येऊन बसलो. केरवा ताल होता, साधा. दिवाकरने ठेका धरला आणि धरून ठेवला. पहिल्या अंतऱ्यानंतर जागा आली. तिथं तो नेहमी असा तुटून पडायचा की गाणारा पाणी पिऊन परत येऊ शकेल. मगदूम सवयीने पुढे सरसावून बसला, टाळीसाठी हात वर केले. काहीच झालं नाही. धा गे ना ती, न क धी ना. ठेका चालू.

मगदूम माझ्या कानाशी आला. “दिव्याला बरं न्हाई काय रे?”

“गप्प बस.”

“न्हाई म्हंजे बीपी वगैरे...”

“ठेक्यावरच आहे की तो,” आदिनाथ चकित होऊन कुजबुजला. “आजपर्यंत कधी बघितला नव्हता याचा ठेका. कसा असतो तेच माहीत नव्हतं.”

दुसरा अंतरा. दिवाकरच्या कपाळावर घाम आला होता. त्याची बोटं प्रत्येक जागेला तबल्याच्या शाईवरून किंचित उचलली जायची, थरथरायची आणि परत जागेवर यायची. पंक्तीत बसून समोरचं पान न खाणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. लोक त्याच्याकडे पाहत नव्हते. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती डोळे मिटून, एकेका शब्दावर हवं तितकं थांबून गात होती. आम्ही तिला लहानपणापासून ऐकत होतो असं आम्हाला वाटत होतं. त्या गाण्याचे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

शेवटचं कडवं आलं. तिनं डोळे उघडले, वडिलांकडे पाहिलं आणि हसून हाताने खूण केली: घ्या आता.

दिवाकरने मान हलवली. नाही.

तिनं परत खूण केली. त्याने परत नाही म्हटलं. ठेका तसाच. मग तिचा चेहरा बदलला, जुना हट्टी झाला, आणि तिनं स्वतःच लय वाढवली. जरा. मग आणखी. दिवाकर दचकला. आता पळणं भाग होतं, पण पुढे ती होती. ती वळणं घेईल तिकडे तो मागे. ती थांबली की तो थांबे, ती सुटली की तो धावे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची नजर लोकांकडे नव्हती. समेवर ती आली, आणि तो तिच्या पावलावर पाऊल टाकून आला.

टाळ्या पडल्या त्या तिला. आम्ही तिघं उभे राहून वाजवत होतो. दोन्ही हात टाळ्यांत गुंतल्यामुळे माझी जरा तारांबळ झाली, पण ते बाजूला राहू दे.

दिवाकर घाम पुसत खाली उतरला. खादीच्या झग्यातल्या बाई त्याच्याजवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत अजून त्या तिघा दिवंगतांसाठी पाणी होतं.

“छान धरला होता हो ठेका,” त्या म्हणाल्या. “या वयात नवीन शिकताय म्हणजे कौतुक आहे. कधीपासून सुरू केलंत?”

आम्ही श्वास रोखला. ज्याने चाळीस वर्षं तबल्यासाठी घालवली, एका खासदाराला ‘कानानं बहिरा’ म्हणून स्टेजवरून उतरवलं, तो दिवाकर शिरहट्टी.

“आजच,” दिवाकर म्हणाला.

“अरे वा! कोणाकडे?”

दिवाकरने चौथऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं केतकी तानपुऱ्याची पेटी बंद करत होती.

“कडक आहेत बाई,” तो म्हणाला. “पण ऐकून घेतात.”